पाऊ गॅसोलचा मोडलेला पाय आणि ‘सुशेगाद’ हा शब्द

नमस्कार.

स्पेनचा बास्केटबॉलपटू पाऊ गॅसोल कणखर होता असं मी एका लेखात लिहिलं होतं, त्याखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तिथंच चार ओळींत उत्तर द्यायला बसलो होतो. चाराच्या चाळीस झाल्या, म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ पुण्याहून लिहितात, ‘एक जुना सेंटर’ अशी सही करतात (सेंटर म्हणजे रिंगखाली खेळणारा उंच खेळाडू). त्यांचं म्हणणं असं की लॉस एंजेलिस लेकर्स संघातला त्याचा सहकारी कोबी ब्रायंट नसता तर गॅसोलला कुणी विचारलं नसतं. अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या त्याच्या आधीच्या संघाकडून, मेम्फिसकडून, तीनदा प्लेऑफला (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना) जाऊन त्याने एक सामना जिंकून दिला नाही, २००८ च्या फायनलमध्ये बोस्टनच्या केव्हिन गार्नेट आणि केंड्रिक पर्किन्सने त्याला रिंगखालून ढकलून बाहेर काढलं, २०११ ला डॅलससमोर तो दिसलाच नाही. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘पाय मोडला म्हणून वर्ल्डकपच्या फायनलला बाकावर बसणाऱ्याला कणखर म्हणायला माणूस गोव्यातला सुशेगादच हवा, तिकडे १९७० ला विलिस रीड फाटलेल्या मांडीने उतरला होता.’

आधी तुमचं जिथं बरोबर आहे ते सांगतो. २०१० च्या फायनलच्या सातव्या सामन्यात गॅसोलचे १८ गुण आणि १९ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), असं मी लिहिलं होतं. ते उलटं आहे. १९ गुण, १८ रिबाउंड. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे, तुमचे आभार.

आता ते वाक्य.

‘सुशेगाद’ हा शब्द तुम्ही कुठून उचललात ते मला माहीत आहे. पर्यटनाच्या जाहिरातींतून. मूळ पोर्तुगीज शब्द, निवांत अशा अर्थाचा, आणि आमच्याकडे तो जेवणानंतर अर्धा तास पाठ टेकणाऱ्या माणसाबद्दल प्रेमाने वापरतात. घाटावरून चार दिवस किनाऱ्यावर येऊन गेलेला माणूस तोच शब्द आळशी म्हणून आमच्या तोंडावर फेकतो, तेव्हा त्याला शिवीचा वास येतो. माझे वडील डिचोलीच्या बाजूला खाणीवर मशीन चालवायचे, तीन पाळ्यांत. पावसाळ्यात खाणीचं काम थांबलं की शेतात. त्यांना सुशेगाद बसलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्याकडेही घाटावरच्या माणसासाठी शब्द आहेत. ते मी इथं लिहीत नाही, कारण आपण बास्केटबॉलवर बोलतोय. तुम्हीही तेवढं पाळायला हवं होतं.

आणि ‘टीव्हीवर बघून लिहिणारे’ असंही वर कुठंतरी म्हटलंय तुम्ही. तर ऐका.

मी १९८० चा. गॅसोलही १९८० चा. तो बार्सिलोनाचा, मी फोंड्याच्या पलीकडच्या गावचा, एवढं सोडलं तर बारावीत मीही माझ्या वर्गात सगळ्यांपेक्षा टाळूभर उंच होतो. फुटबॉलच्या या मुलखात उंच पोराला गोलकीपर करतात. आमच्या हायस्कुलात सिमेंटचं एक बास्केटबॉल कोर्ट होतं म्हणून मी वाचलो. जूनपासून त्याच्यावर शेवाळ धरायचं, आम्ही रविवारी काथ्याच्या ब्रशने घासायचो आणि खेळायचो. कॉलेजात गेलो तेव्हा पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ, पाठ लावून खेळणारे आम्ही दोघंच होतो सगळ्या टीममध्ये. कोपर बरगडीत बसल्यावर श्वास कसा अडकतो ते मला टीव्हीने शिकवलेलं नाही.

दुसऱ्या वर्षाला, आंतरकॉलेज फायनलच्या पहिल्या हाफमध्ये रिबाउंड घेऊन उतरताना माझा उजवा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि आतल्या बाजूला वळला. आवाज मला स्वतःला ऐकू आला. सर आले, “कितें जालां रे तुका?” म्हणाले, बोटं हलव म्हणाले. बोटं हलली. मग स्प्रे मारला, पट्टी घट्ट बांधली आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणाले की आता कळेल कोण मऊ आहे आणि कोण नाही. मी उतरलो. सगळा दुसरा हाफ खेळलो. टाळ्या पडल्या. आम्ही हरलो.

तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. करंगळीच्या मागचं, पायाच्या बाहेरच्या कडेचं लांब हाड मोडलं होतं, आणि त्याच्यावर धावल्यामुळे तुकडा सरकला होता. त्या भागाला रक्त कमी पोचतं, हाड लवकर जुळत नाही. माझं सहा महिने जुळलं नाही. खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीचा अर्ज भरायचा होता, त्याच्या धावण्याच्या चाचणीला मी कुबडी घेऊन गेलो आणि बाहेरूनच परत आलो. वडील गाडीत काही बोलले नाहीत. बाविसाव्या वर्षी माझा खेळ संपला. आजही चतुर्थीला गणपती विसर्जनाला चालत गेलो की दुसऱ्या दिवशी तो पाय जमिनीवर टेकवत नाही.

हे मी कुणाची दया यावी म्हणून लिहीत नाही. २००६ ला गॅसोलचं नेमकं हेच हाड मोडलं होतं, म्हणून लिहितोय. डाव्या पायाचं पाचवं मेटाटार्सल. जपानमधली जागतिक स्पर्धा, अर्जेंटिनाविरुद्धची सेमीफायनल, शेवटची मिनिटं चाललेली. स्पेनने तो सामना ७५-७४ असा जिंकला, एका गुणाने, आणि त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू लंगडत बाहेर पडला. फायनलला त्याच्या सहकाऱ्यांनी शर्ट घातले होते, ‘पाऊसुद्धा खेळतोय’ अशा मजकुराचे. आदल्या सामन्यात अमेरिकेला हरवून आलेल्या ग्रीसला त्यांनी ७०-४७ असं चिरडलं. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गॅसोललाच निवडलं. त्याच्या आईला वैद्यकी ठाऊक होती, वडील नर्स, तो स्वतः बार्सिलोनात वैद्यकीय शिक्षण सुरू करून मग खेळाकडे वळलेला. त्या घरातल्या माणसाला मोडलेलं हाड म्हणजे काय हे कळत होतं. एवढं सांभाळूनही मेम्फिसच्या पुढच्या मोसमाचे सुरुवातीचे वीसेक सामने त्याला बाहेर बसावं लागलं.

तुम्ही म्हणता, कणखर असता तर उतरला असता. उतरून काय झालं असतं? मी उतरलो होतो. मला विचारा.

न्यूयॉर्कचा सेंटर विलिस रीड याचं नाव तुम्ही घेतलंत. ८ मे १९७०, न्यूयॉर्क, फायनलचा सातवा सामना. मांडीचा स्नायू फाटलेला, इंजेक्शन घेऊन रीड बोगद्यातून लंगडत आला, पहिले दोन्ही शॉट आत टाकले आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. त्याच्या धैर्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी त्या माणसाला मानतो. पण त्या रात्री त्याचे गुण चारच. सामना त्याचा सहकारी वॉल्ट फ्रेझरने जिंकला, ३६ गुण आणि १९ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) देऊन, आणि त्याचं नाव तुमच्या प्रतिक्रियेत नाही. लंगडणारा लक्षात राहतो. आणि स्नायू आणि हाड यांत फरक असतो, हे जुन्या सेंटरला मी सांगावं?

तुम्हाला मोडलेल्या हाडाचीच उदाहरणं हवीत तर बिल वॉल्टन घ्या. १९७७ ला पोर्टलंडला विजेतेपद दिलं, १९७८ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये दुखऱ्या पायात इंजेक्शन घेऊन खेळला, सामन्यानंतरच्या एक्स-रेत पायाचं हाड मोडलेलं निघालं. पुढचा अख्खा मोसम गेला, नंतरचेही कित्येक गेले. एवढ्या प्रतिभेच्या माणसाचे साऱ्या कारकिर्दीत ४६८ सामने. किंवा बोस्टनचाच केव्हिन मॅकहेल, १९८७ चे प्लेऑफ मोडलेल्या पायाने खेळला. बोस्टन फायनल हरलं, आणि मॅकहेलचा तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. गॅसोलचं पान उघडा: लीगमध्ये अठरा मोसम, २०,८९४ गुण, ११,३०५ रिबाउंड. हाड जुळू दिलं, म्हणून हे झालं.

आता २००८ बद्दल. हो, त्या फायनलमध्ये त्याला ढकललं. शेवटचा सामना लेकर्स १३१-९२ हरले, मीही पाहिलाय, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण तो फेब्रुवारीत संघात आला होता. लेकर्सचा सेंटर अँड्र्यू बायनम जानेवारीतच गुडघ्याने बाहेर गेला होता, म्हणून पर्किन्ससारख्या पहाडासमोर गॅसोलला सेंटर म्हणून उभं राहावं लागलं. अमेरिकेतल्या लोकांनी त्याला ‘गॅसॉफ्ट’, म्हणजे मऊ गॅसोल, असं नाव ठेवलं. तुम्ही तेच नाव अठरा वर्षांनी मराठीत आणताय, यात तुमचं स्वतःचं काय आहे?

त्याने दोन वर्षांनी काय केलं ते बघा. १८ जून २०१०, शुक्रवार, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. आदल्या मध्यरात्री फुटबॉल वर्ल्डकपातला फ्रान्स-मेक्सिको बघून सगळा गाव झोपला होता. बाहेर धो धो पाऊस, दोनदा वीज गेली, बायको म्हणाली इन्व्हर्टर टीव्हीला लावू नका, मी लावला. फायनलचा सातवा सामना, समोर पुन्हा तेच बोस्टन. पर्किन्स सहाव्या सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला होता हे खरं, तुमच्याआधी मीच सांगतो. पण गार्नेट होता, रशीद वॉलेस होता. लेकर्सना त्या दिवशी काहीच लागत नव्हतं. ८३ पैकी २७ शॉट आत गेले. ज्या कोबीशिवाय गॅसोल शून्य असं तुम्ही म्हणता, त्याचे २४ पैकी ६. तिसऱ्या क्वार्टरमध्ये लेकर्स १३ गुणांनी मागे होते.

शॉट लागत नाहीत तेव्हा सामना चुकलेल्या चेंडूवर चालतो. आणि चुकलेला चेंडू आपल्याच हल्ल्यात परत मिळवणं किती अवघड असतं हे पोस्टमध्ये खेळलेल्याला ठाऊक असतं. बचाव करणारा तुमच्या आणि रिंगच्या मध्ये असतो, त्याची पाठ तुमच्या छातीवर, कंबर तुमच्या मांडीवर. उडी नंतरची गोष्ट. आधी पाय त्याच्या पुढे काढावा लागतो, इंच इंच, पंच बघत असताना. गॅसोलने असे नऊ चेंडू काढले. बोस्टनच्या सगळ्या संघाचे मिळून आठ. गार्नेट, ज्याने म्हणे त्याला बाहेर काढलं होतं, त्याचे त्या सामन्यात एकूण रिबाउंड तीन. गॅसोलचेही शॉट चुकले, फ्री थ्रोही १३ पैकी सहा सोडले, आणि तरी तो प्रत्येक वेळी परत रिंगखाली गेला. ८३-७९. मी उठून अंगणात गेलो आणि पावसात उभा राहिलो. माझ्या सरांनी ज्याला मऊ म्हटलं असतं असा माणूस, दाढीवाला, हाडकुळा, मॅचनंतर ऑपेराला जाणारा, ज्यांनी त्याला मऊ म्हटलं त्यांच्याच हातून चेंडू काढून घेऊन गेला होता.

मला एवढंच म्हणायचं होतं त्या लेखात. डोळे वटारणं, छाती बडवणं, दुखत्या पायाने टाळ्या घेणं, हे बघणाऱ्यांसाठी असतं. एकदा हरवलेल्या जागी परत जाऊन उभं राहायला जे लागतं त्याला मी कणखरपणा म्हणतो, आणि हा शब्द मी तुमच्या सांगण्यावरून बदलणार नाही.

मेम्फिसचं म्हणाल तर तिन्ही वेळा ४-० हरले हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तो संघ कसा होता तेही. डॅलसविरुद्ध तो वाईट खेळला. बरं, खेळला. त्यावर लिहिण्यासारखं मला काही वाटत नाही. कोबी नसता तर काय, याचं उत्तर २०१५ ला लीलमध्ये मिळालं. युरोपीय स्पर्धेची सेमीफायनल, फ्रान्स त्यांच्याच घरी, गॅसोल ३५ वर्षांचा. जादा वेळेत गेलेला सामना स्पेनने ८०-७५ जिंकला आणि त्या ८० पैकी ४० त्याचे एकट्याचे. कोबी तिथं नव्हता.

तुम्ही खेळलेले आहात असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून मला जास्त लागलं. न खेळलेल्याने असं वाक्य टाकलं असतं तर पुढे गेलो असतो. तुमच्याही टीममध्ये कुणीतरी असेलच, स्प्रे मारून उतरवलेला. तो आता कसा चालतो ते एकदा बघून या.

विलिस रीडवर वेगळं लिहायचं डोक्यात आहे, त्यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं असेल तर जरूर पाठवा, छापीन. फक्त तो एक शब्द काढून पाठवा.