डंप हिरवा दिसतो म्हणजे जंगल परत आलं का रे?

गेले पंधरा दिवस गोव्यातल्या आमच्या डिचोली-सत्तरीकडच्या प्रत्येक ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. सॅटेलाइटचे दोन फोटो, एकात तांबडा बोडका डंप (खाणीतून काढून टाकलेल्या मातीचा डोंगर), दुसऱ्यात तोच हिरवागार, आणि खाली लिहिलंय की 2012 ला लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हापासून निसर्गाने स्वतःच सगळं भरून काढलं, अकेशियाचं (डंपवर लावतात ते झटपट वाढणारं झाड) जंगल उभं राहिलं, झाडं तीन वर्षं जगली की काम फत्ते, आता मॉनिटरिंगच्या नावाने पैसे उधळू नका. माझ्या आत्तेभावाने पण टाकलं, वर हात जोडलेला इमोजी. त्याला दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो आणि हे एवढं झालं.

आधी ते फोटो झूम करा आणि कोपऱ्यातल्या तारखा वाचा. पहिला मे महिन्यातला, दुसरा ऑक्टोबरचा! अरे ऑक्टोबरात माझ्या घराची कौलं पण हिरवी असतात, तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडून गेल्यावर दगडावर पण गवत येतं. तुलना करायची तर वर्षं वेगळी घ्या पण महिना तोच ठेवा, आणि जुलै नको कारण तेव्हा वरून नुसते ढग दिसतात. डेटा फुकट मिळतो, सेंटिनेल-2 या उपग्रहाचा 10 मीटरचा 2015 पासूनचा आहे, लँडसॅट उपग्रहांचा 30 मीटरचा तर 1980 च्या दशकापासूनचा.

2012 पासून बंद हे पण अर्धंच खरं. तेव्हा बंदी आली, 2014 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून ती उठवली, मग 2018 च्या फेब्रुवारीत खाणींच्या 88 लीज रद्द केल्या, आणि 2022 च्या डिसेंबरपासून खाणींचे परत लिलाव सुरू. निसर्गाला सलग निवांत वेळ दिलाच कुणी?

आता मुख्य मुद्दा, हिरवेपणाचा आकडा. एनडीव्हीआय म्हणतात त्याला. पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि नजरेला न दिसणारा निअर इन्फ्रारेड परत फेकतं, या दोघांतल्या फरकाला बेरजेने भागलं की उणे 1 ते 1 मधला आकडा येतो. तो पानं किती हे सांगतो, पानं कुणाची हे सांगत नाही. डंपभर रानमोडीचं तण माजलं तरी आकडा झकास येणार. आणि इथे एक गंमत आहे जी त्या फॉरवर्डवाल्याच्या डोक्यातच आलेली नाही. आपल्याकडचं खरं जंगल, म्हणजे किंदळ आणि माट्टी (आपला गोव्याचा राज्यवृक्ष, विसरू नका) या झाडांचं, उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झाडतं. अकेशिया बारा महिने हिरवी. म्हणजे मार्च-एप्रिलच्या फोटोत लागवडीचा डंप शेजारच्या अस्सल रानापेक्षा जास्त हिरवा दिसू शकतो! नुसत्या आकड्यावर गेलात तर जंगल नापास आणि डंप पास. म्हणून एका तारखेचा फोटो काही कामाचा नाही, वर्षभराचा चढउतार काढून तो शेजारच्या न खणलेल्या रानाच्या चढउताराशी ताडून बघावा लागतो, आणि तरी शेवटी पायी वर चढावंच लागतं.

मी चढलो होतो, गेल्या फेब्रुवारीत, एका मित्राबरोबर, त्याला झाडांची नावं कळतात, मला फक्त दोरी धरता येते. दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखला, आत एक बाय एकचे छोटे. वरती छान सावली, खाली अकेशियाच्या कडक वाकड्या पानांचा वीतभर थर, तो बाजूला केला तर दुसऱ्या कुठल्या झाडाचं रोप औषधाला नाही. काठीने उकरलं, दोन बोटांखाली तीच पिवळट-जांभळी चिकणमाती, गांडूळ नाही, मूळ नाही. अकेशियाला मी शिव्या घालत नाही हं, ती नायट्रोजन धरते, जिथे काही उगवत नाही तिथे उगवते, उतार धरून ठेवते. पण ती पहिली पायरी झाली. तिच्या सावलीत किंदळ, जांभा, करमल ही रानझाडं आपणहून रुजायला लागले का हे मोजायचं असतं, आणि तीन वर्षांत फक्त लावलेलं जगलं की मेलं एवढंच कळतं.

निसर्ग आपोआप करेल म्हणणाऱ्यांनी हा हिशेब बघावा. एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती बाहेर टाकली जाते. ती उलटीपालटी होऊन पडते, वरच्या सुपीक थरातलं बी आणि बुरशी तळाशी गाडली जाते, आणि उतार असा की पहिल्या जोरदार पावसात रोपासकट माती शेतात उतरते. सुप्रीम कोर्टाने 2020 च्या जानेवारीत सांगितलं ना, खाणकाम संपल्यावर जमिनीवर परत गवत वाढवा, चाऱ्यालायक करा म्हणून. ते झालं की नाही हे न मोजता कसं कळणार?

आत्तेभावाला शेवटी वेगळाच प्रश्न विचारला. चवथीच्या आधी आमची काकी माटोळीचं (गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधतात ती चौकट) सामान आणायला रानात जाते, कांगलां, घागऱ्या, कवंडळं. डंप घरापासून दहा मिनिटांवर, खरं रान तासाभरावर. काकी कुठे जाते? त्याने मेसेज वाचलाय, निळी टिक आलीय, उत्तर अजून नाही.