हसऱ्या चेहऱ्याने गाठ विरघळत नाही

नातेवाइकांच्या गटावर, सोसायटीच्या गटावर, शाळेतल्या वर्गमित्रांच्या गटावर, सगळीकडे हा मेसेज फिरतोय. गुलाबी पार्श्वभूमी, खाली जोडलेले हात, वर मथळा ‘कॅन्सर पेशंटच्या जोडीदारासाठी’. मजकूर थोडक्यात असा: निम्मा आजार औषधाने बरा होतो, निम्मा जोडीदाराच्या हसऱ्या चेहऱ्याने. जोडीदार रडला की पेशंटची प्रतिकारशक्ती खचते आणि गाठ वाढते. खरं प्रेम असेल तर सेवेचा थकवा येत नाही. आणि आपल्या संस्कृतीत नवराबायको एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून परदेशासारखं समुपदेशन आपल्याला लागत नाही.

बायकोच्या आजारपणात मलाही तो आला होता. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता हे मान्य. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी रडण्याचं बघू. डोकं आणि मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न साधा होता: ज्यांची मनःस्थिती चांगली, ते जास्त जगतात का? उत्तर आलं, नाही. मनःस्थितीवरून कोण किती जगेल याचा काहीच अंदाज बांधता येत नव्हता. आता विचार करा, खुद्द पेशंटच्या उमेदीचाच जगण्यामरण्याशी असा संबंध दिसत नसेल, तर स्वयंपाकघरात तोंड फिरवून रडलेल्या बायकोच्या अश्रूंनी गाठ कशी वाढेल?

या एका ओळीने होणारं नुकसान मात्र खरं आहे. पुढच्या स्कॅनमध्ये पुन्हा डाग दिसला की ही ओळ वाचलेला माणूस मनात हिशेब मांडायला बसतो. त्या दिवशी माझा बांध फुटला, ह्यांनी पाहिलं, म्हणून झालं का हे? कॅन्सर उलटण्याची कारणं पेशींत असतात, औषधाला न जुमानणाऱ्या गाठीत असतात. त्याचं खापर घरच्या माणसाच्या चेहऱ्यावर फोडायचं, हा कुठला धीर? शिवाय पेशंट काही दुधखुळा नसतो. समोरचा ओढूनताणून हसतोय हे त्याला कळतं, मग तोही हसायला लागतो, आणि घरातली दोन्ही माणसं एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत बसतात.

‘निम्मा आजार जोडीदार बरा करतो’ यातलं निम्मं कुणी, कशाने मोजलं ते मेसेजमध्ये नाही. तरी या दाव्यात सत्याचा एक कण आहे. अमेरिकेतल्या सात लाखांहून अधिक कॅन्सर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात विवाहित रुग्णांचा कॅन्सरने मृत्यू होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण २० टक्क्यांनी कमी दिसला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे सापडलं असतं तर त्याने ते प्रेमाच्या खात्यात जमा केलं असतं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की विवाहितांचा आजार लवकर, पसरण्याआधी, पकडला जातो आणि त्यांना पूर्ण उपचार मिळण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे ‘ही गाठ दाखवून ये’ म्हणून मागे लागणारं कुणीतरी घरात असतं. फाईल सांभाळणारं, पुढची तारीख लक्षात ठेवणारं, ‘आता नको, पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणाऱ्याला ओढत नेणारं. केमोनंतर काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, खाली असताना ताप १००.४ फॅरेनहाइटवर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं, तडक दवाखाना गाठायचा असतो. रात्री दोनला थर्मामीटर लावून रिक्षा शोधणारा माणूस जीव वाचवतो, आणि तेव्हा तो हसत वगैरे नसतो.

या सगळ्याला श्रम म्हणतात, आणि श्रम केले की माणूस थकतो. खऱ्या प्रेमाला थकवा नसतो, हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. पचनमार्गाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर पुढच्या टप्प्यात गेलेल्या रुग्णांची आणि त्यांच्या जोडीदारांची २००७ मध्ये एकत्र तपासणी झाली. नैराश्याची ठळक लक्षणं २३ टक्के रुग्णांमध्ये होती. जोडीदारांमध्ये ३८.९ टक्के! पलंगावरच्या माणसापेक्षा पलंगाशेजारच्या स्टुलावरचा माणूस जास्त खचलेला, आणि त्याच्या नावाचा केसपेपर नाही. स्वीडनमधल्या २०१२ च्या अभ्यासात कॅन्सर रुग्णांच्या जोडीदारांना हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला. वाढ फार मोठी नव्हती, पण होती.

उलट टोकाचा एक मेसेजही फिरतो, की सेवा करणारा आधी जातो. तोही तितकाच अर्धवट. तो ज्या अमेरिकन अभ्यासावर बेतलाय तो १९९९ चा, ६६ ते ९६ वर्षांच्या जोडीदारांचा, आणि फक्त कॅन्सरचा नव्हे. चार वर्षांत ६३ टक्के जास्त मृत्युदर दिसला तो सेवा करताना ताण जाणवणाऱ्यांत. सेवा करूनही ताण नसणाऱ्यांत तसं दिसलं नाही. म्हणजे घातक ठरतो तो ताण. आणि आपला गुलाबी मेसेज सांगतो की ताण आला असेल तर तुझ्या प्रेमातच खोट आहे. मग कोण तोंड उघडेल?

संस्कृतीबद्दल थोडं. गंभीर आजार झालेल्या ५१५ अमेरिकन रुग्णांच्या २००९ मधल्या अभ्यासात, बायको आजारी असेल तेव्हा २०.८ टक्के जोडपी विभक्त झाली, नवरा आजारी असेल तेव्हा २.९ टक्के. हे तिकडचं, असं कुणी म्हणेल. खरंय, आपल्याकडे कोर्टात जावंच लागत नाही, ‘थोडे दिवस माहेरी राहा’ म्हटलं की भागतं. बायकोसाठी मी डबा घेऊन गेलो की वॉर्डभर कौतुक व्हायचं, ‘किती करतात हो दादा!’ शेजारच्या पेशंटची बायको चटई टाकून खाली झोपायची, नाकातून पोटात गेलेल्या नळीतून (राईल्स ट्यूब) दूध भरवायची, वर गावी फोन करून मुलांच्या परीक्षेची चौकशी करायची. तिला कुणी काही म्हणालं नाही. ते तिचं कामच ना!

राहिलं समुपदेशन. पेशंटबरोबर एक माणूस लागतोच, हे रेल्वेला कळतं. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत कॅन्सर रुग्णाला पूर्ण सवलत, सोबत्याला ७५ टक्के. महात्मा फुले योजनेतून रुग्णाच्या उपचारांचा खर्च निघतो, पण सोबत्याची बुडालेली मजुरी आणि उडालेली झोप कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही. बोलायला निदान सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे, १४४१६. २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जोडीदारानेही फोन करायला हरकत नाही, त्यासाठी पेशंट असावं लागत नाही. ओपीडीत डॉक्टरांना ‘मला झोप लागत नाही’ एवढं सांगितलं तरी चालतं, फाईल कुणाच्याही नावाची असो.

गटावर मी यातलं थोडं लिहिलं, तेव्हा एका मावशींनी जरा रागानेच विचारलं, “मग आम्ही करायचं तरी काय?” मावशी, शनिवारची रात्र दवाखान्यात तुम्ही झोपायला जा आणि पेशंटच्या बायकोला घरी पाठवा. डबा न्याल तेव्हा दोघांचा न्या. आणि फोन केलात की ‘ते कसे आहेत?’ विचारून झाल्यावर फोन ठेवू नका, ‘तू जेवलीस का?’ हेही विचारा. ती रडायला लागली तर रडू द्या. त्याने त्यांची गाठ वाढत नाही.