भिंत मागायची, पण पट्टी कोण भरणार?

जुलै लागला की घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चिपळूणच्या पुराचा वाद पेटतो. कोणी म्हणतं कोळकेवाडी धरणातून पाणी सोडल्यामुळे शहर बुडालं, कोणी म्हणतं वाशिष्ठी नदीतला गाळ काढा, बाकी काही नको. मग काका हमखास मला ओढतात : "तुमच्या हॉलंडसारखी भिंत बांधायला काय होतं रे?"

मी नायमेखनला, वाल नदीच्या काठच्या शहरात राहतो. १९५३च्या पुरात या देशात १,८३६ माणसं गेली आणि समुद्राच्या बाजूने अवाढव्य बांध, दरवाजे उभे राहिले, हे खरंच. पण १९९५ला नद्या फुगल्या, सुमारे अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. तेव्हा यांनी ठरवलं की बांध उंच करत बसण्यापेक्षा नदीला जागा द्यायची. आमच्या समोरच्या लेंटमध्ये बांध ३५० मीटर मागे नेला आणि मोकळ्या जागेत नदीला दुसरं पात्र खोदलं. आता उन्हाळ्यात तिथे पोरं डुंबतात. त्यासाठी पन्नासेक घरं पाडली, आणि लेंटकर काही हसत हसत तयार झाले नव्हते.

आपलं घोडं इथेच अडतं. चिपळूणची बाजारपेठ निळ्या-लाल पूररेषांत, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येईल ते दाखवून बांधकामावर बंधनं आणणाऱ्या रेषांत, सापडली आणि व्यापारी भडकले. मला ते रास्तच वाटतं. रेषा आखणार जलसंपदा खातं, परवाने देणार नगरपरिषद, आणि दुकान हलवायचं तर कुठे आणि कोणाच्या पैशाने, हे सांगायला कोणीच नाही.

शिवाय भिंत आपल्या कामाची किती? इथे वर्षाला साधारण ८५० मिलिमीटर पाऊस, तोही रिपरिप. कोकणात तीन हजारांच्या वर, आणि त्यातला बराच काही दिवसांत कोसळतो. वर दाभोळच्या खाडीला उधाण असेल तर पाणी ओसरायलाच तयार नसतं. भिंतीच्या आत पडलेल्या पावसाचं काय करणार? डच लोकांनाही ते जमलं नाही. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं, त्याच्या आठवडाभर आधी इथल्या लिंबर्ग प्रांतात एका छोट्या नदीने फाल्केनबुर्ख गाव धुऊन काढलं होतं.

उचलायचीच तर मी त्यांची पाणी-मंडळं, म्हणजे आपापल्या भागातले बांध आणि पाणी सांभाळणाऱ्या संस्था, उचलेन. देशात अशी २१ आहेत. लोक त्यांना मतं देतात आणि त्यांची वेगळी पट्टीही भरतात. दरवर्षी ते बिल आलं की मी कुरकुरतो, पण बांधाच्या डागडुजीसाठी राजधानीकडे हात पसरावे लागत नाहीत. आपल्याला हे परकंही नाही. गोव्यात खाजणांचे, म्हणजे खाडीकाठच्या खोलगट शेतजमिनींचे, बांध आणि भरती-ओहोटीबरोबर मिटणाऱ्या-उघडणाऱ्या मानशी (पाण्याची दारं) गावकरी संस्थांनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या.

वाशिष्ठी खोऱ्याचं असं मंडळ झालं, तर पट्टी एकट्या चिपळूणकरांवर लादू नये. कृष्णेच्या खोऱ्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी कोयनेतून विजेसाठी पश्चिमेला वळवता येतं. ते वाशिष्ठीत उतरतं, वीज मात्र राज्यभर जाते. तेव्हा त्या विजेवर युनिटमागे काही पैसे लावावेत आणि पहिली रक्कम निळ्या रेषेतल्या दुकानदारांना उंचावर गाळे देण्यात घालावी. गाळ काढाच, पण डोंगर असेच बोडके राहिले तर दोन पावसाळ्यांत तो पुन्हा साचेल.