‘दम असेल तर बंद करून दाखवा’: जरा इतिहास बघू या

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: सरकारी लाभाच्या योजना कमी करणं मुळीच अवघड नाही, पुढाऱ्यांत दम नाही एवढंच. फुकट्यांचे पैसे एका फटक्यात बंद करा, बोगस नावं काढा, लोक आठवडाभर बोंब मारतील आणि विसरतील. आजवर कुणी हे केलं नाही, कारण सगळे मतांचे लाचार.

यामागची चिंता खोटी नाही. म्हातारे वाढतात आणि कमावते घटतात तिथे पेन्शनचं गणित बिघडणारच. पण चिंता खरी असली म्हणून सांगितलेला उपाय खरा ठरत नाही.

‘दम नाही’

दम दाखवणारे बरेच होऊन गेले. जर्मनीत चॅन्सेलर (सरकारप्रमुख) गेरहार्ड श्रोडर यांनी २००३ मध्ये ‘अजेंडा २०१०’ आणला आणि दीर्घकालीन बेरोजगारांच्या भत्त्याला कात्री लावली. २००५ मध्ये त्यांची खुर्ची गेली आणि पक्षातला एक गट फुटला तो फुटलाच. फ्रान्समध्ये २०२३ साली निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याचा कायदा घटनेतल्या ४९.३ या कलमाच्या जोरावर, कनिष्ठ सभागृहात अंतिम मतदान न घेताच रेटण्यात आला. रस्त्यावर लाखो लोक असताना राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन हटले नाहीत. २०२५ मध्ये त्यांचेच पंतप्रधान लकोर्नू यांना सरकार वाचवण्यासाठी त्या कायद्याला स्थगिती जाहीर करावी लागली.

ब्रिटनचं उदाहरण तर ताजं आहे. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष ४०० हून अधिक जागा घेऊन आला आणि महिन्याच्या आतच वृद्धांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी मिळणारी २०० ते ३०० पौंडांची मदत फक्त अतिगरिबांपुरती ठेवण्याची घोषणा झाली. सुमारे एक कोटी वृद्ध यादीबाहेर गेले. बहुमत भक्कम, पुढची निवडणूक लांब, रक्कमही किरकोळ. तरी जून २०२५ मध्ये माघार घेऊन ३५,००० पौंडांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना ती मदत परत द्यावी लागली.

कारण साधं आहे. ज्याचे ३०० पौंड गेले त्याला ते पासबुकात दिसतात. ज्या करदात्याचे चार पैसे वाचले त्याला ते वाचल्याचं कळतही नाही. पहिला माणूस मतदानाला नक्की जातो. दुसरा आभाराचं पत्रसुद्धा लिहीत नाही.

‘फुकट्यांचे पैसे’

अमेरिकेचा सगळ्यात मोठा सरकारी लाभ म्हणजे सोशल सिक्युरिटी ही सरकारी पेन्शन. जवळपास ७ कोटी लोक ती घेतात, त्यातले बहुतेक निवृत्त, आणि त्यांच्या किंवा जोडीदाराच्या पगारातून आयुष्यभर त्यासाठी कापून घेतलेलं असतं. त्यांना फुकटे म्हणायची हिंमत करून बघा.

१९८८ साली तिथल्या संसदेने (काँग्रेसने) मेडिकेअर या वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्यात मोठ्या आजारपणाच्या खर्चाचं वाढीव संरक्षण घातलं. दोन्ही पक्षांचा पाठिंबा, राष्ट्राध्यक्ष रेगन यांची सही. खर्च मात्र वृद्धांनीच उचलायचा होता: सुस्थितीतल्यांना उत्पन्नानुसार जादा आकार, १९८९ साठी कमाल ८०० डॉलर. यातल्या अनेकांना असं संरक्षण जुन्या कंपनीकडून आधीच मिळत होतं, त्यामुळे हातात नवं काही नाही आणि खिशातून मात्र जाणार. ऑगस्ट १९८९ मध्ये शिकागोत संसदेच्या अर्थसमितीचे अध्यक्ष डॅन रोस्टेनकोव्स्की यांची गाडी चिडलेल्या म्हाताऱ्यांनी अडवली, एक आजी थेट बॉनेटवर चढल्या. अखेर साहेब गाडीतून उतरून एका पेट्रोल पंपाच्या आवारातून पळाले. त्या वर्षअखेर कायदाच रद्द झाला. त्या गर्दीत कमाल आकार भरावा लागणारे थोडेच असावेत. पण आपल्या ताटातलं कुणी उचलतंय ही भावना उत्पन्नाचा दाखला बघून येत नाही.

‘बोगस नावं काढा’

खरे बोगस काढायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण मोठी बचत त्यातूनच होईल असं गृहीत धरलं की काय होतं ते ऑस्ट्रेलियात दिसलं. ‘रोबोडेट’ नावाच्या पद्धतीत संगणक माणसाचं वर्षाचं उत्पन्न घेऊन पंधरवड्यांत सारखं वाटून टाकायचा. सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकार असलेला माणूस या हिशेबात वर्षभर कमावता ठरायचा आणि बेकारीत घेतलेला भत्ता परत करा अशी नोटीस यायची. जुन्या पगारपावत्या शोधून निर्दोष ठरण्याची जबाबदारी त्याचीच. सुमारे ४.३३ लाख लोकांवर १.७६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची वसुली बेकायदा लावली गेली. पुढे पैसे परत, वर भरपाई आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा जळजळीत अहवाल. नेदरलँड्समध्ये पाळणाघर अनुदानात हजारो पालकांना असंच चोर ठरवलं गेलं आणि जानेवारी २०२१ मध्ये आख्ख्या सरकारला राजीनामा द्यावा लागला.

‘कुणी केलंच नाही’

केलं आहे. मे १९८१ मध्ये रेगन यांनी नेमका या संदेशातलाच मार्ग धरला: ६२ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची पेन्शन पूर्ण रकमेच्या ८० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर, आणि तीही पुढच्याच जानेवारीपासून. सिनेटने ९६ विरुद्ध ० मतांनी तो बेत झिडकारला. म्हणजे त्यांच्याच पक्षाचं एकही मत नाही.

दोनच वर्षांनी, निधी आटायला काही महिने उरले असताना, त्याच रेगन यांनी विरोधी पक्षाचे सभापती टिप ओनील यांच्याशी तडजोड केली. पूर्ण पेन्शनचं वय ६५ वरून ६७ झालं, पण ते १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी. म्हणजे त्या दिवशी जे फार तर २३ वर्षांचे होते त्यांच्यासाठी. वेतनावरचा कर थोडा वाढला, सुस्थितीतल्यांच्या पेन्शनवर कर बसला, महागाईची वाढ सहा महिने पुढे ढकलली. सगळ्यांना थोडं थोडं दुखलं आणि दोष कुणा एकाच्या माथी आला नाही. स्वीडनने नव्वदच्या दशकात पाच पक्षांच्या सहमतीने पेन्शन अर्थव्यवस्थेच्या तब्येतीला बांधली आणि २०१० मध्ये ती आपोआप घटलीही. (घट जवळ आल्यावर तिथल्या संसदेनेही सूत्र थोडं सौम्य करून घेतलं. शेवटी पुढारीच ते!)

‘लोक विसरतील’

हे अर्धं खरं आहे, आणि मला जास्त खटकतं ते हेच अर्धं. ब्रिटनमध्ये १९८० साली पंतप्रधान थॅचर यांच्या सरकारने पेन्शनची वाढ पगाराऐवजी फक्त महागाईशी जोडली. एकाही वृद्धाची रक्कम त्या दिवशी कमी झाली नाही, म्हणून कुणी गाडीच्या बॉनेटवर चढलं नाही. पगार पुढे धावत राहिले आणि पेन्शन वर्षागणिक मागे पडली. रेगन-ओनील यांचा १९८३ चा करार निदान लोकांसमोर झाला. ही कपात चोरपावलांनी झाली. मग २००० साली त्याच सूत्राने पेन्शन आठवड्याला अवघे ७५ पेन्स वाढली आणि देशभर संतापाचा भडका उडाला. दहा वर्षांनी आलेल्या सरकारने महागाई, पगारवाढ किंवा २.५ टक्के यांतलं जे जास्त असेल तेवढी वाढ देण्याची तिहेरी हमी दिली. ती तिजोरीला महाग पडते अशी ओरड तेव्हापासून चालू आहे. २०२४ च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी ती कायम ठेवण्याचं वचन दिलं.