कव्हर झालं म्हणे!

परवा रात्री युरोपच्या टूरवरून सोलापूरला पोचलो. बॅगा अजून उघडायच्या आहेत. आणि आज सकाळी दहाला टूर कंपनीच्या मुलीचा फोन, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाबद्दल. "मॅम, लूव्र छान कव्हर झालं ना? पाचपैकी किती स्टार?"

कव्हर! हा शब्द ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. बारा दिवस हेच ऐकत होते. रोम कव्हर, फ्लॉरेन्स कव्हर, उद्या पॅरिस कव्हर. बघितलं का, हे एकानंही विचारलं नाही.

बत्तीस वर्षं चित्रकला शिकवली मी. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या पोरांसाठी रविवारी शाळा उघडायला लावली. फळ्याशेजारी कॅलेंडरमधली मोनालिसा चिकटवून तिच्या ओठांच्या कोपऱ्यातली सावली दाखवायचे, बघा रे, रेघ कुठंच नाही. निवृत्तीच्या पैशातले सात लाख दोघांसाठी भरले ते हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. आणि लूव्रला वेळ किती दिला? सव्वा तास! त्यातली वीस मिनिटं सुरक्षा तपासणी आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली.

टूर मॅनेजर झेंडा घेऊन पुढं, आम्ही पस्तीस जण मागं पळतोय. जिना चढताना समोर ती पंखांची, डोकं नसलेली विजयदेवता. अंगावरच्या ओल्या कापडाच्या चुण्या दगडात कोरल्यात, दोन हजार वर्षांहून जुन्या. थांबले तर मागून आवाज, "मॅम, ग्रुपसोबत राहा." चित्रकार जेरिकोचं ते बुडत्या माणसांच्या तराफ्याचं चित्र, १८१९ सालचं, सात मीटर रुंद, ते तर चालता चालता मागं पडलं. मी मान वळवून बघत होते आणि आमचे हे माझा दंड धरून ओढत होते.

मग मोनालिसा. ७७ बाय ५३ सेंटीमीटर. काचेमागं, कठड्यापलीकडं, आणि मध्ये दोनशे उंचावलेले हात. माझ्यापुढच्या माणसानं टॅब डोक्यावर धरला होता. माझ्या आयुष्यातली पहिली मोनालिसा मी त्या टॅबच्या पडद्यावर बघितली! कॅलेंडरवर याहून बरी दिसायची. लोक तिच्याकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. आमच्याच ग्रुपमधले जुळे सोलापूरचे एक गृहस्थ म्हणाले, "बाई, फोटो आला की ओ, चला आता."

आणि समोरच्या भिंतीवर, या सगळ्या गर्दीच्या पाठीमागं, चित्रकार व्हेरोनेझेचं 'काना गावातलं लग्न', बायबलमधल्या गोष्टीवरचं. १५६३ सालचं. ६.७७ मीटर उंच, ९.९४ मीटर रुंद. लूव्रमधलं सगळ्यात मोठं चित्र, आणि त्याच्यापुढं मोकळी जागा. मी तिकडं वळले. सव्वाशेवर माणसं, वाजवणारे, वाढपी, कुत्री, आणि उजव्या कोपऱ्यात पिवळ्या कपड्यातला एक माणूस मोठ्या रांजणातून वाइन ओततोय. त्या पिवळ्या रंगात काय काय आहे! सावलीत तो तपकिरी होत जातो, घडीवर उजेड पडला की पांढरा. सोलापुरात जन्म गेला माझा, कापडावर उजेड कसा पडतो हे मला कुणी शिकवायला नको. नीट बघायला पुढं झाले, तेवढ्यात झेंडा दारात. "मॅम, बस निघतेय."

बस गेली कुठं? अत्तराच्या दुकानात! तिथं पूर्ण दोन तास. दार बंद, एसी गार, बायकांच्या मनगटांवर फवारे. तिथं कुणी "ग्रुपसोबत राहा" म्हणालं नाही. जिथं कमिशन तिथं वेळच वेळ.

पॅरिसचं ओर्से संग्रहालय तर बसमधूनच दाखवलं. "उजवीकडे बघा, जुनं रेल्वे स्टेशन." अहो, त्या स्टेशनात व्हॅन गॉगचं 'ओव्हेरचं चर्च' हे चित्र आहे! तो निळा रंग! व्हॅटिकनमध्येही तेच. मायकेलअँजेलोनं १५०८ ते १५१२ सिस्टीन चॅपेलचं छत रंगवलं, आम्हाला ते बघायला अकरा मिनिटं. त्यात पाच मिनिटं मॅनेजर दाराशी माणसं मोजत होता.

कुणी म्हणेल, पंढरपुरात आषाढीला तासन्‌तास उभं राहून विठ्ठल क्षणभरच दिसतो, तिथं कुरकूर करता का? नाही करत. तिथं मी भेटायला जाते. पायावर डोकं टेकलं की झालं. चित्राला पाया पडून काय करू? त्याच्यासमोर उभं राहायचं असतं, डोळे सरावू द्यायचे असतात, तेव्हा कुठं ते दिसायला लागतं.

आणि हे काही फक्त टूरवाल्यांचं नाही. शाळेतही दहावीची परीक्षा जवळ आली की माझा तास उचलून गणिताला. "बाई, चित्रं काय, पोरं घरी काढतील." बत्तीस वर्षं ऐकलं. तेव्हा गप्प बसले याचा आज जास्त राग येतो.

त्या मुलीला सांगितलं, एकही स्टार नाही, लिहून घे. ती म्हणाली, "मॅम, एकपासून सुरू होतं." वर पुढच्या टूरवर सूट देते म्हणाली. मुलगा म्हणतो, आई, परत जाऊ, आपले आपण जाऊ. कुठल्या पैशानं? फंडातले होते ते गेले.

त्या पिवळ्या कपड्यातल्या माणसाचा चेहरासुद्धा मी नीट बघितला नाही.