ड्राफ्टपंडित व्हायचंय? आधी पट्टी घ्या

एप्रिल उजाडला की अमेरिकेत दर दुसरा माणूस भविष्य सांगायला बसतो. कॉलेजात फुटबॉल खेळणारी पोरं (तो फुटबॉल, ज्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो) एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ३२ संघांत वाटली जातात. तीन दिवस, सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं. आदल्या हंगामात जो संघ तळाला गेला, त्याला पहिल्या निवडीचा मान. या वाटपाला ड्राफ्ट म्हणतात. त्यातला हिरा कोण आणि काच कोण, हे आधीच छातीठोकपणे सांगतो तो ड्राफ्टपंडित. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहत असा, नाहीतर पुण्यात शुक्रवारी पहाटे साडेपाचला चहा घेऊन पहिली फेरी बघत असा, हा धंदा तुम्हालाही जमेल. भांडवल लागत नाही. खेळ कळावा लागतो असा एक गैरसमज आहे, तो आधी डोक्यातून काढून टाका.

सुरुवात मोजमापापासून. फेब्रुवारी सरता सरता इंडियानापोलिसला कम्बाइन नावाचा मेळा भरतो, १९८७ पासून तिथेच. तीनशेच्या वर पोरं येतात. म्हैस पाण्यात आणि मोल काठावर, असा व्यवहार करू नये हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. अमेरिकन माणूस त्याहून शहाणा. तो म्हैस बाहेर काढतो, काट्यावर चढवतो, ४० यार्ड पळवतो, उभ्या जागेवरून उड्या मारायला लावतो, १०२ किलोचा बार छातीवरून दमेपर्यंत उचलायला लावतो. इतकं करूनही मोल चुकतंच, पण ते पुढचं पुढे. तुम्ही आकडे पाठ करा.

४० यार्ड म्हणजे साडेछत्तीस मीटर. अंगावर खांद्याची ढाल नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही, समोर कोणी आडवं येत नाही आणि नाकासमोर सरळ पळायचं, अशी वेळ सामन्यात जवळजवळ कधीच येत नाही. म्हणूनच हा आकडा सर्वांत महत्त्वाचा. २०१७ साली जॉन रॉसने हे अंतर ४.२२ सेकंदांत कापलं. कम्बाइनचा तेव्हाचा विक्रम! सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या हंगामात त्याने झेललेले पास: शून्य. लगेच पुढच्या, दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाचं आक्रमण चालवणारा गडी, घेतला. तो बिचारा ४.८ सेकंदांत रमतगमत आला होता. त्याच्या नावावर आता तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यातले तीन विजय, आहेत. पण तुम्ही विक्रमाबद्दलच बोला. सेकंदाच्या शंभराव्या भागावर वाद घालता येतो. महोम्सच्या डोळ्यांना मैदानाचा कोणता कोपरा दिसतो यावर घालायचा तर आधी तो आपल्याला दिसावा लागतो.

बारचंही तसंच. २००८ साली व्हर्नन गोल्स्टनने तो बार ३७ वेळा उचलला आणि न्यूयॉर्क जेट्सनी त्याला सहावा नंबर बहाल केला. त्याचं काम होतं समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवं पाडणं, ज्याला सॅक म्हणतात. एनएफएलच्या सबंध कारकिर्दीत त्याचे सॅक किती? एकही नाही. क्वार्टरबॅक बारसारखे जागेवर पडून राहत नाहीत, पळतात. ही अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती असं दिसतं.

यातला आद्य पुरुष म्हणजे माइक मामुला, साल १९९५. परीक्षेत काय विचारतात हे ठाऊक असेल तर तेवढंच घोकावं, ही आपल्या कोचिंग क्लासवाल्यांची विद्या त्याने अमेरिकेत लवकर ओळखली. खास कम्बाइनच्या कवायतींचा सराव करून तो आला आणि बघणारे हरखून गेले. फिलाडेल्फिया ईगल्स बाराव्या क्रमांकावर उभे होते. तेवढा धीर कुठला? टॅम्पा बेला त्यांनी आपला बारावा नंबर दिला, वर दुसऱ्या फेरीतल्या दोन निवडी दिल्या आणि सातव्या क्रमांकावर चढून मामुलाला घेतलं. टॅम्पाने बाराव्या नंबरावर वॉरन सॅपला घेतलं. मग हातातल्या जास्तीच्या निवडी वापरून पुन्हा पहिल्या फेरीत शिरकाव केला आणि डेरिक ब्रूक्सला घेतलं. सॅप आणि ब्रूक्स दोघेही आज हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या यादीत, आहेत. मामुला तसा वाईट खेळाडू नव्हता हो. पण त्याचं नाव आता एका प्रकारच्या फसगतीला पडलंय. तुम्ही त्यातून एवढंच शिका की पंडितांपैकी कोणाचीही नोकरी गेली नाही.

आता वीत. क्वार्टरबॅकचा पंजा फाकवून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पट्टीने मोजतात. गंमत करत नाही, खरंच मोजतात, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. नऊ इंचांच्या खाली वीत गेली की चेंडू थंडीपावसात निसटणार, असं शास्त्र. २०२० साली जो बरोची वीत बरोबर नऊ इंच भरली. चेंडू आपल्या इवल्याशा हातांतून सटकणार म्हणतात, तेव्हा निवृत्तीचा विचार करतोय, अशी थट्टा त्याने स्वतःच केली. तो पहिल्या क्रमांकावर गेला आणि दुसऱ्याच हंगामात त्याने बेंगल्सना सुपर बोलपर्यंत नेलं. दोन वर्षांनी केनी पिकेट आला, साडेआठ इंचांचा. मोजणीच्या आधी तो अंगठ्याचे व्यायाम करत होता. पिट्सबर्गने त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं आणि दोनच हंगामांत दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. म्हणजे बघा, खेळाडू फसला तर वीत लहान होती म्हणा. चमकला तर लहान वीत असूनही जिद्द मोठी म्हणा. दोन्हीकडून तुम्हीच बरोबर. अशी पट्टी घरात असावी.

मोजून झालं की बोलायला लागा. या धंद्याची भाषा वेगळी. ‘मोटर’ मोठी आहे, ‘छत’ उंच आहे पण ‘तळ’ खोल आहे, कंबर ‘मोकळी’ आहे, ‘दिसत नाहीत असे’ गुण भरपूर आहेत. हा शेवटचा प्रकार फार उपयोगी, कारण जे दिसतच नाही ते नाही असं कोण सिद्ध करणार? मात्र एक पथ्य पाळा: खेळाडूचा फोटो बघितल्याशिवाय विशेषण वापरू नका. गोरा असेल तर ‘मेहनती’, ‘अभ्यासू’, ‘मैदानावरचा दुसरा कोच’. काळा असेल तर ‘निसर्गाची देणगी’, ‘कच्चा’, ‘अजून घडवावा लागेल’. तुलना करतानाही गोऱ्याची गोऱ्याशी आणि काळ्याची काळ्याशी करा. दोघे एकाच जागी, एकाच शैलीत खेळत असले तरी ओळी मोडायच्या नाहीत. २०१८ साली लमार जॅक्सन नावाचा काळा क्वार्टरबॅक आला. हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वांत मोठा मान, त्याला मिळून चुकला होता. तरीही बिल पोलियन या नाणावलेल्या माजी व्यवस्थापकाने सल्ला दिला, की पोराने क्वार्टरबॅक होणं सोडावं आणि पास झेलायला लागावं. जॅक्सन पहिल्या फेरीत अगदी शेवटी, ३२व्या क्रमांकावर गेला. पुढच्याच हंगामात तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अर्थात क्वार्टरबॅक म्हणून.

संघ पोरांच्या मुलाखती घेतात, त्यांत तुम्हाला बसता येणार नाही, पण तिथे काय चालतं ते माहीत असावं. २०१० साली एका संघाच्या व्यवस्थापकाने डेझ ब्रायंटला विचारलं, तुझी आई वेश्या होती का? बातमी फुटली तेव्हा माफी मागितली. २०१६ साली दुसऱ्या एका संघाच्या प्रशिक्षकाने एलाय अ‍ॅपलला विचारलं, तुला पुरुष आवडतात का? तिथेही माफी. असं विचारलं की पोरगा दडपणाखाली कसा वागतो ते कळतं म्हणे. विचारणारा दडपणाखाली कसा वागतो तेही कळलं, पण त्याचे गुण कोणी मांडत नाही.

बुद्धीचीही परीक्षा असते. पूर्वी वंडरलिक नावाचा पेपर असे, १२ मिनिटांत ५० प्रश्न. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नोकरीसाठी आलेल्यांना देतात तोच. २०२२ मध्ये कम्बाइनने तो बंद केला. मग संगणकावरच्या चाचणीचा जमाना आला. २०२३च्या ड्राफ्टआधी सी. जे. स्ट्राउडचे त्या चाचणीतले गुण फुटले. बातमीप्रमाणे शंभरात जेमतेम अठरा पोरांच्या पुढे, आणि पंडितांनी कपाळाला हात लावला. ह्यूस्टनने तरीही त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. चाचणीचा पेपर फुटला की आपल्याकडे परीक्षा रद्द होते. तिकडे खेळाडू रद्द करायला निघाले होते.

इथवर आलात की कोणीतरी टॉम ब्रेडीचं नाव काढणारच. दर ठिकाणी एक असा खवचट असतो. साल २००० च्या कम्बाइनमध्ये ४० यार्ड ५.२८ सेकंदांत, सहावी फेरी, १९९वा क्रमांक. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि नंतर सात सुपर बोल त्याने जिंकले. गडबडून जाऊ नका. शांतपणे म्हणा, “ब्रेडी हा अपवाद आहे.” मग तो कर्ट वॉर्नर काढेल. याला तर कोणी निवडलंच नव्हतं, आयोवात किराणा दुकानाच्या फळ्यांवर रात्री माल लावत होता, पुढे सुपर बोल जिंकून बसला. अपवाद. मग ब्रॉक पर्डी, २०२२ मधला शेवटचा, २६२वा. शेवटी निवडलेल्याला तिथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे हे नाव वाचायचं ते यादी संपवायला. दुसऱ्याच हंगामात तो सॅन फ्रान्सिस्कोकडून सुपर बोल खेळला. अपवाद! अपवादांचाच एक संघ काढला तर तो बहुतेकांना हरवेल, पण ही गोष्ट तुम्ही बोलायची नाही.

खवचट फारच शिकलेला निघाला तर तो केड मॅसी आणि रिचर्ड थेलर ही नावं घेईल. थेलर म्हणजे २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. या दोघांनी जुने ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणारे लागोपाठचे दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला पुढे जास्त चांगला निघण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपास आली. छापा-काटा केला तर ५०. म्हणजे शेकडो टेहळे, त्यांची विमानाची तिकिटं, हजारो तासांच्या चित्रफिती, काटे, पट्ट्या, घड्याळं या साऱ्यांची वर्षभराची कमाई दोन टक्के. मी म्हणेन, नाण्याच्या तुलनेत हे घसघशीत यश आहे. नाण्याला टीव्हीवर बोलता कुठे येतं?

टीव्हीवरून मेल कायपर आठवले. हे गृहस्थ १९८४ पासून ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर ड्राफ्ट सांगतायत आणि त्यांच्या केसांची ठेवणही तेव्हापासून हललेली नाही. १९९४ साली इंडियानापोलिस कोल्ट्सनी ट्रेंट डिल्फर हा क्वार्टरबॅक सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्सला घेतलं, तेव्हा कायपरनी संघाला धुतलं. कोल्ट्सचे बिल टोबिन कॅमेऱ्यासमोर तापले: कोण हा कायपर? माझा शेजारी पोस्टमन आहे, त्याची जेवढी लायकी तेवढीच याची! पुढे अल्बर्ट्स दुखापतींनी तीन हंगामांत संपला आणि डिल्फरने बाल्टिमोरकडून सुपर बोल जिंकला. झाली ना जीत? थांबा. २०१० साली कायपरनी जिमी क्लॉसनवर आपली गादीच पणाला लावली: हा यशस्वी झाला नाही तर मी हे काम सोडीन. क्लॉसन यशस्वी झाला नाही. कायपरनी काम सोडलं नाही. २०२५ साली ज्याला त्यांनी क्वार्टरबॅकांत सर्वांत वर ठेवलं होतं, तो शेडूर सँडर्स पाचव्या फेरीत १४४व्या क्रमांकापर्यंत घरंगळला. तेव्हा त्यांनी थेट प्रक्षेपणात संघांवरच तोंडसुख घेतलं. ३२ संघ चुकले, एक माणूस बरोबर. हे बाणेदारपण तुमच्या अंगी येईल तेव्हा शिक्षण पूर्ण झालं समजा. त्या पोस्टमनचं मत मात्र कोणी विचारलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

भीती वाटली तर पूर्वजांकडे बघा. पहिला ड्राफ्ट १९३६ साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात झाला. टेहळे नव्हते, घड्याळं नव्हती, फळ्यावर नव्वद नावं खडूने लिहिली होती. पहिलं नाव निवडलं गेलं जे बरवँगर. इतिहासातली ही पहिली निवड एनएफएलचा एकही सामना खेळली नाही. पैशांवर जमलं नाही, म्हणून गड्याने दुसरं काम धरलं. तेव्हापासून परंपरा अखंड आहे.

शनिवारी सातवी फेरी संपली की झोपू नका. ३२ संघांना लगेच गुण देऊन मोकळे व्हा: याला ‘अ’, त्याला ‘क उणे’. या पोरांनी एनएफएलचा गणवेश अजून अंगावर चढवलेला नसतो, त्यामुळे मूल्यमापन निःपक्षपाती होतं. रविवारी पुढच्या वर्षीचा अंदाज टाका, पहिल्या क्रमांकावर एखादा उंच क्वार्टरबॅक ठेवून. सप्टेंबरात त्याचा खांदा दुखावला तर नाव बदलता येतं. आणि मागच्या वर्षीची तुमची यादी कोणी नाकासमोर धरली, तर दुखावल्यासारखा चेहरा करून सांगा, ड्राफ्टचा निकाल इतक्यात लावायचा नसतो, निदान तीन वर्षं तरी थांबावं लागतं.