सगळे सिग्नल एकदम हिरवे केल्याने जालना रोडची कोंडी सुटणार नाही

‘क्रांती चौक ते सिडको सगळे सिग्नल एकाच वेळी हिरवे करा, हिरवा वेळ दुप्पट करा, एकदा सेट केलं की पुन्हा हात लावायला नको.’ छत्रपती संभाजीनगरच्या ग्रुपांवर हा उपाय फिरतोय. लोकांचा वैताग खरा आहे, पण यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी ‘एकदम हिरवे’चं बघू. दोन सिग्नलमधलं अंतर 400 मीटर धरा. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर; पहिल्या सिग्नलवरून सुटलेली रिक्षा 40 सेकंदांनी दुसऱ्यावर पोचते. दोन्हीकडे हिरवा 40 सेकंदांचाच असेल, तर ती पोचते तेव्हाच पिवळा लागतो. मग पोरं गाडी 60 ने हाणतात, कारण तरच पुढचा सिग्नल मिळतो. हे धोक्याचं आहे.

दुसरा सिग्नल 40 सेकंद उशिरा हिरवा व्हायला हवा. गल्ल्यांतून वळून आलेल्या गाड्यांच्या सहा ओळी तिथे आधीच उभ्या असतील, तर ओळीला साधारण दोन सेकंद धरून 12 वजा करा. उरले 28. हे विसरलं की मागून येणारा लोंढा त्या ओळींमागे ब्रेक मारतो.

खरी कसोटी परतीच्या वाहतुकीची. फेरा, म्हणजे एक हिरवा लागल्यापासून पुढचा हिरवा लागेपर्यंतचा वेळ, 80 सेकंदांचा असेल तर 400 मीटरवर दोन्ही दिशा जमतात, कारण जाऊन-येऊन 80 सेकंदच होतात. अंतर 300 मीटर असलं की जाऊन-येऊन 60 सेकंदच होतात; जाणाऱ्याला थेट हिरवा, पण येणारा 20 सेकंद थांबतो. अशा ठिकाणी चिकलठाणा एमआयडीसीच्या पाळ्या बघून सकाळ-संध्याकाळचे वेगळे प्लॅन लावावे लागतात. आणि सगळ्या चौकांचा फेरा एकच हवा. एकीकडे 80 आणि दुसरीकडे 90 ठेवले, तर दर फेऱ्याला मेळ 10 सेकंदांनी घसरतो.

हिरवा दुप्पट केला की आडव्या रस्त्याचा लालही दुप्पट होतो. मुख्य रस्त्याची रांग संपल्यावर तो हिरवा रिकामाच जळतो, आणि पायी ओलांडणारा कंटाळून लोंढ्यात शिरतो.

‘एकदा सेट केलं की झालं’ हेही चूक. प्रत्येक कंट्रोलरचं, म्हणजे चौकातले सिग्नल चालवणाऱ्या पेटीचं, घड्याळ वेगळं. एक घड्याळ रोज दोन सेकंद मागे पडलं, तर 20 दिवसांत 40 सेकंदांचा फरक पडतो, म्हणजे दोन्ही सिग्नल पुन्हा एकदम हिरवे! लाइट जाऊन आली आणि कंट्रोलरची बॅटरी उतरलेली असली, तर हेच एका क्षणात होतं. जीपीएसवर चालणारं घड्याळ बसवा. ते होईपर्यंत दर आठवड्याला आणि लाइट गेल्यावर प्रत्येक वेळी घड्याळं एकमेकांशी जुळवा.